बांधावरची पेटी

भीतीची नोकरी कोणती, असं विचारलं तर लोक फौजदाराचं नाव घेतील, खांबावर चढणाऱ्या वायरमनचं घेतील, फार तर विहिरीत सुरुंग लावणाऱ्याचं. कारकुनाचं नाव कुणी घेणार नाही. मी कारकून होतो आणि उभी नोकरी जीव मुठीत धरून केली. दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या खात्यातल्या गमतीजमती लिहा" असं सांगितलं आहे. गमती आहेत, त्या सांगतोच. पण मला आधी आठवते ती भीती, आणि तिला वगळून लिहिलं तर ते लिखाण खोटं होईल. एक खोटं लिखाण माझ्या हातून आधीच झालेलं आहे.

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत माझं टेबल होतं. संस्थेचं नाव सांगत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. तिथली मुलं जमिनीचा आणि आभाळाचा अभ्यास करत. कुणी आपल्याकडच्या काळ्या दगडाचा, कुणी जमिनीखालच्या पाण्याचा, कुणी आभाळातून अखंड पडणाऱ्या पण डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांचा. एम.एस्सी. होऊन पोरगं पीएच.डी.ला आलं की त्याला फेलोशिप मिळे. बाहेरच्यांना वाटे, चैन आहे लेकाची, शिकायचे पैसे मिळतात. पण ही फेलोशिप एकदम चार वर्षांची कधीच नसे. दर वर्षाच्या शेवटी समिती बसायची आणि पोरानं वर्षभर काय केलं ते तपासायची. काम दिसलं तर पुढचं वर्ष, नाही दिसलं तर रामराम. त्यात चौथ्या वर्षाची मुदतवाढ सगळ्यांत अवघड. तोवर वह्या भरलेल्या असतात, पण प्रबंध लिहून व्हायचा असतो. तिथं दोर कापला की मागची तीन वर्षंही पाण्यात. समितीच्या आधीच्या आठवड्यात ही मुलं माझ्या टेबलाशी येऊन उभी राहत. नुसती आपल्या फाइलीकडे बघत.

मी मूळचा शिरूर तालुक्यातल्या केंदूरचा. त्यामुळे शिरूर-दौंडकडे काही काम निघालं की साहेब मलाच पिटाळत. "तुम्हाला त्यांची भाषा येते," असं ते म्हणत. जणू काही मी परदेशातून आलो होतो.

पहिली गंमत केंदूरचीच. दगडांचा अभ्यास करणारा एक विद्यार्थी मी माझ्या चुलतीकडे उतरवला होता. सहा महिने उन्हातान्हात फिरून त्यानं चांगली दोनेक पोती दगड फोडून आणले. कुठला दगड कुठल्या ओढ्यातला, हे कळावं म्हणून प्रत्येकावर पांढऱ्या रंगानं नंबर घातला. तो चार दिवस पुण्याला आला आणि तेवढ्यात चुलतीनं दिवाळीची साफसफाई काढली. तिनं सगळे दगड राखेनं घासले, धुतले, वाळवले आणि भिंतीशी ओळीनं मांडून ठेवले. "पाव्हण्याचं सामान लई कळकट झालं हुतं बाई," असं वर मला कौतुकानं सांगितलं. त्या पोरानं दगड बघितले आणि मटकन ओट्यावर बसला. एकाही दगडावर नंबर राहिला नव्हता. पुन्हा सगळे ओढे फिरून त्यानं बहुतेक दगड ओळखले म्हणून त्याचं वर्ष वाचलं. चुलतीला आम्ही शेवटपर्यंत काही कळू दिलं नाही.

खरी भीती मात्र पेट्यांची. आभाळातल्या किरणांचा अभ्यास करायला तिकडे हैदराबादच्या बाजूनं एक भला मोठा फुगा सोडत. विमानं उडतात त्याच्याही कितीतरी वर तो जाई. त्याला खाली एक पेटी बांधलेली असे आणि पेटीत फोटोच्या मसाल्याच्या काचा, एकावर एक रचून घट्ट बंद केलेल्या. किरण त्यातून आरपार गेले की बारीक रेघा उमटायच्या. मग पोरं महिनोन्‌महिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्या रेघा मोजत बसायची. काम झालं की पेटी फुग्यापासून सुटे आणि हवाई छत्रीला लटकून वारा नेईल तिथे उतरे. कधी सोलापूरकडे, कधी आमच्या भीमेच्या काठाला. एक जीप खालून माग काढत असे आणि छत्री उतरताना दुर्बिणीतून बघून नकाशावर खूण करत असे. त्या काचांना उजेड चालत नाही आणि ऊनही चालत नाही. पेटी कुणी उघडली किंवा ती फार वेळ तापली, की संपलं.

एकदा कासुर्डीच्या शिवारात पेटी पडली. लढाई होऊन फार दिवस झाले नव्हते, लोकांना वाटलं बॉम्बच. आम्ही पोचलो तेव्हा आसपासच्या वस्त्या गुरांसकट लांब जाऊन बसलेल्या. पेटीपाशी एकच म्हातारा होता, काठी घेऊन. मी विचारलं, "आबा, तुम्हाला भ्या न्हाई वाटत?" म्हणाला, "वाटतंय की. पर कुत्री-मांजरं शिवली आन् फुटली म्हंजी? माझं वय झालंय. म्या बसतो म्हनलं." मी पेटी उचलायला वाकलो तर लांबची माणसं आणखी पळाली. आत नुसत्या काचा आहेत हे मलाही ऐकूनच माहीत होतं.

पुढे एका पेटीचं कुलूप कुणीतरी तोडलं आणि ती गोष्ट समितीपासून लपवली गेली. फार बोभाटा झाला. तेव्हा साहेबांनी मला दाखल्याचा एक नमुना तयार करायला सांगितला. पेटी कुठे पडली, गाव कुठलं, सर्व्हे नंबर काय, जमीन कुणाची, पेटी कुठल्या स्थितीत सापडली. खाली जमीनमालकाची सही, पोलीस पाटलाची सही, माझी सही. हा दाखला असल्याशिवाय पेटीतलं काहीही समितीपुढे जायचं नाही. तो नमुना मी माझ्या अकलेनं बनवला आणि मला त्याचा केवढा तरी अभिमान होता. एका रकान्यात पोरांची वर्षं वाचवतो आहे, असं वाटायचं.

आता गौतमची गोष्ट. गौतम ओव्हाळ दौंडचा. वडील रेल्वेच्या यार्डात पॉइंट्समन, म्हणजे गाड्यांचे रूळ बदलणारे. घरातला पहिला ग्रॅज्युएट, वस्तीतला पहिला एम.एस्सी. किरणांच्या रेघा मोजण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. साहेबांशी शुद्ध बोलायचा आणि माझ्या टेबलाशी आला की दौंडचं बोलायचा. मला मामा म्हणायचा. तिसरं वर्ष संपत आलं तेव्हा त्याची अडचण अशी झाली, की त्याच्या वाट्याची आधीची पेटी सापडलीच नव्हती. मोजायला काचा नाहीत, म्हणजे काम नाही, म्हणजे चौथं वर्ष नाही. इकडे वडील निवृत्तीला आलेले. ते म्हणत होते, रेल्वेत चिकटून जा, आत्ता जागा आहे. गौतमनं त्यांच्याकडे एक वर्ष मागून घेतलं होतं. एक शेवटची पेटी त्या एप्रिलमध्ये जाणार होती आणि समिती जुलैत बसणार होती.

"ही तरी घावंल ना, मामा?" तो रोज विचारायचा.

सापडली. पहाटेच निरोप आला, की आदल्या दिवशी मावळतीला पेटी वडगाव रासाईच्या बाजूला उतरली आहे. जीपवाल्यांनी नकाशावर खूण केली होती आणि ते फुग्याच्या कापडाच्या मागे पुढे निघून गेले होते. मी आणि गौतम एस.टी.नं न्हावऱ्यापर्यंत आणि तिथून एका ट्रॅक्टरवर बसून गेलो. नदीपासून चांगल्या दोन मैलांवर एक मळा होता. गर्दी लांबूनच दिसली. जवळ गेलो तर पेटी दोन रानांच्या मधल्या बांधावर बसलेली, बरोबर मधोमध. अलीकडच्या रानात एक माणूस कुऱ्हाड मांडीवर घेऊन बसला होता आणि पलीकडच्या रानात दुसरा. दोघांच्या नाकाडोळ्यांवरून ओळखू येत होतं, भाऊभाऊ.

थोरला भागूजी, धाकटा रखमाजी. त्या बांधावरून त्यांची शिरूरच्या कोर्टात अकरा वर्षं केस चालू होती. थोरला म्हणे बांध माझ्या हद्दीतला, धाकटा म्हणे माझ्या. आणि आता त्याच बांधावर आभाळातून सरकारी वस्तू येऊन पडलेली. पोलीस पाटील एका बाभळीखाली घाम पुसत उभे होते. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊसाहेब, रातीपासून दोघं हालली न्हाईत. मी पेटीला हात लावाय गेलो तर दोघं बी उठली."

मी दाखल्याचा कागद काढला मात्र, भागूजी म्हणाला, "त्यावर जमीनमालकाचं नाव लिवत्यात न्हवं? माझं लिवा. म्या अंगठा देतो, पेटी न्या."

"लिवूनच बघा," रखमाजी बसल्या जागेवरून म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. "त्याचं नाव कागदावर आलं की त्यो उद्या कोर्टात दावंल. मंग म्या बी माझा अर्धा वाटा घेतो. पेटीचा." आणि कुऱ्हाड उचलून त्यानं पात्यावरून अंगठा फिरवला.

 माझ्या अकलेनं बनवलेला तो रकाना या दोघांच्या दृष्टीनं सात-बाराचा उतारा झाला होता. मी त्यांना समजावलं, हा कागद कोर्टात चालत नाही, हा फक्त शिक्षणाचा कागद आहे. भागूजी म्हणाला, "शिक्का हाय का न्हाई त्यावर?" शिक्का होता. 

दहा वाजले होते आणि ऊन चढत होतं. गौतम पेटीजवळ गेला. दोघांनी एकदम कुऱ्हाडी उचलल्या. त्यानं हात वर केले आणि म्हणाला, "हात न्हाई लावत. नुसती सावली करतो." अंगातला शर्ट काढून तो दोन्ही हातांनी पेटीवर धरून उभा राहिला. पंधरा मिनिटं, अर्धा तास. पाठ लाल झाली, पण हात खाली घेईना. दर थोड्या वेळानं माझ्याकडे बघायचा.  पेटीच्या पत्र्याला हात लावला असता तर चटका बसला असता, अशी वेळ आली होती.

मला भीती कुणाची वाटत होती, हे आज प्रामाणिकपणे सांगतो. कुऱ्हाडीची होतीच. पण त्या पोराच्या बघण्याची जास्त होती. आणि त्या भीतीत मला एक युक्ती सुचली.

मी दोघांना म्हणालो, "भागूजी, रखमाजी, दोघांचंही नाव लिहीत नाही. पेटी नदीच्या पात्रात पडली, असं लिहितो. नदी सरकारची. ना यांची, ना त्यांची. मग तर झालं?"

 रखमाजीनं विचारलं, "ह्येचं नाव कुठंच येनार न्हाई?"

"न्हाई."

"आन् ह्येचं?" भागूजीनं विचारलं.

"त्यांचंही न्हाई."

दुसऱ्याला मिळत नाही म्हटल्यावर दोघांच्याही तोंडावर एकदम समाधान पसरलं. साक्षीदार म्हणून दोघांनी अंगठे उठवले. पोलीस पाटलांनीही सही केली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. सर्व्हे नंबरच्या रकान्यात मी लिहिलं: भीमा नदीचे पात्र. पाटील नंतर मला म्हणाले, की त्या पेटीला दांडा लावून रस्त्यापर्यंत न्यायला ते दोघं भाऊ एकत्र आले, ते अकरा वर्षांत पहिल्यांदाच. एक पुढे, एक मागे.

ट्रॅक्टरवर पेटीला ओल्या पोत्यांची सावली करून बसल्यावर गौतम हळूच म्हणाला, "मामा, कागदावर खरं लिहिता आलं नसतं का?"

"खरं लिहिलं असतं तर पेटीचे दोन तुकडे झाले असते, बाबा."

"व्हय," तो म्हणाला. आणि पेटीवर हात ठेवून बसला.

काचा उत्तम निघाल्या. रेघा इतक्या स्वच्छ, की साहेबांनीसुद्धा येऊन बघितल्या. मे आणि जून गौतम त्या अंधाऱ्या खोलीतून फक्त जेवायला बाहेर यायचा. मी स्वतःवर खूश होतो. घरी बायकोला दोनदा सगळी हकीकत रंगवून सांगितली.

जुलैत समिती बसली. मी कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला. गौतमनं अहवाल वाचला, चांगला वाचला. मग बाहेरगावाहून आलेल्या एका सभासदांनी पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर पसरला. तो जीपवाल्यांचा नकाशा होता. एवढ्या दिवसांत मला त्या नकाशाची आठवणसुद्धा झाली नव्हती.

"छत्री इथे उतरताना त्यांनी पाहिली," ते म्हणाले, "आणि दाखला म्हणतो पेटी नदीत मिळाली. दोन्हींत दोन मैलांचं अंतर आहे. म्हणजे पेटी रात्रीतून कुणीतरी हलवली. हलवली, तर उघडली नाही कशावरून? पाण्यात भिजली नाही कशावरून? या काचांवरच्या मोजमापावर विश्वास ठेवायचा कसा?"

प्रश्न अगदी रास्त होता. मी त्या माणसाच्या जागी असतो तर हेच विचारलं असतं.  खरं काय ते एका वाक्यात सांगता येत होतं. पण ते वाक्य म्हणजे, साहेब, मी खोटा दाखला लिहिला. खोट्या दाखल्याला आमच्याकडे एकच शिक्षा होती, आणि माझ्या दोन मुली शाळेत होत्या.

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "दाखला तुम्हीच लिहिलात ना?"

"हो सर."

"जागा बरोबर आहे?"

त्या क्षणी खोलीत पंखा चालू होता आणि मला त्याचा आवाज ऐकू येत नव्हता, एवढंच आठवतं.

"हो सर," मी म्हणालो.

अध्यक्षांनी गौतमला विचारलं, "ओव्हाळ, तुम्हीही तिथे होता. तुमचं काय म्हणणं आहे?"

गौतमनं माझ्याकडे बघितलं. बांधावर शर्ट धरून उभा असताना बघत होता, तसंच. मी मान खाली घालून इतिवृत्ताची तारीख पुन्हा गिरवली.

"दाखल्यात आहे तसंच, सर," तो म्हणाला.

मुदतवाढ नाकारण्यात आली. हे वाक्य त्या दिवशी माझ्याच हातानं मी लिहिलं, वळणदार अक्षरात. संध्याकाळी फाटकाशी गौतम भेटला. "येतो मामा," एवढंच म्हणाला आणि सायकलवर टांग टाकून गेला. महिन्याभरात तो दौंडला रेल्वेत लागल्याचं कळलं.

मी मनाची एक समजूत घातली. पोरानं मला वाचवलं. माझ्या मुलींचा विचार करून त्यानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. केवढ्या मनाचं पोर! मी ही गोष्ट बायकोला सांगितली, एक-दोन मित्रांना सांगितली, सांगताना डोळ्यांत पाणी येई. चार वर्षं मी त्या समजुतीवर काढली. दर वर्षी समिती बसली की हात थंड पडत, पण समजूत कामाला येई.

चार वर्षांनी कामानिमित्त दौंडला उतरलो आणि मुद्दाम यार्डाकडे गेलो. गौतम दिसला. अंगानं थोडा भरला होता, हातात वडिलांसारखा कंदील नव्हता, जाड वही होती, कानाला पेन्सिल. मला बघून हसला, बाकावर बसवलं, चहा सांगितला. लग्न झालं होतं, एक मुलगा होता. बोलता बोलता मी इतक्या दिवसांचं साठवलेलं बोलून टाकलं. म्हणालो, "गौतम, त्या दिवशी तू मला वाचवलंस. तुझे उपकार मी विसरणार नाही."

 त्याला खरोखरच कळेना, मी कशाबद्दल बोलतो आहे ते.

"वाचवलं?" तो म्हणाला. "न्हाई ओ मामा. मी भ्यालो होतो. एवढी मोठी माणसं, आन् समोर शिक्क्याचा कागद. मी कागद खोटा हाय म्हणालो असतो तर माझ्यावर कोण इस्वास ठेवणार होतं? म्हणले असते, पोरगं फेलोशिपसाठी कारकुनावर ढकलतंय." मग तो म्हणाला, "मी तुमच्याकडं बघत होतो. म्हनलं, आता मामा उठतील. आता बोलतील. लई वेळ वाट बघितली मी."

रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो नुसतं झालं तसं सांगत होता.

"मी बोलायला पाहिजे होतं," मी म्हणालो.

"व्हय," गौतम म्हणाला. "बोलाय पाहिजे हुतं."

लांबून कुणीतरी त्याला हाक मारली. तो वही घेऊन उठला, पोऱ्या चहा आणील तो पिऊन जा म्हणाला, आणि रूळ ओलांडून पलीकडे गेला. माझी गाडी आली, थांबली आणि सुटली. मी बाकावर बसून होतो.